पाळण्यातला पांढरा डाग

आमच्या आत्याने एका वरवंट्याला चार दिवस आंघोळ घातली, ही गोष्ट मी पुढे कित्येकांना विनोद म्हणून सांगितली. लोक हसत, मीही हसायचो. मात्र सांगताना शेवटचा तासभर गाळायचो, कारण तो विनोदात बसत नव्हता. आता लिहायलाच बसलो आहे तर तोही लिहून टाकतो.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मी पनवेलला मामलेदार कचेरीत कारकून होतो. खाडीच्या अंगाला एका गल्लीत दोन खोल्या आणि पुढे ओटी, एवढं आमचं भाड्याचं घर. श्रावण चालू होता. त्या दिवसांत आमच्याकडे मिठाच्या बरणीत पाणी होतं, काड्यापेटी चुलीजवळ ठेवावी लागते आणि कचेरीतले कागद एकमेकांना सोडत नाहीत.

अशा हवेत बायकोला मुलगी झाली. हे आमचं तिसरं मूल. पहिला मुलगा नवव्या दिवशी गेला. दुसरी मुलगी होती, ती अडीच महिन्यांची होऊन गेली. बायकोला आई नव्हती, त्यामुळे तिचं माहेरी जाणं नव्हतं. म्हणून आधीसारखीच याही वेळी बाळंतपण करायला माझी आत्या आली. आत्याला आपलं म्हणावं असं कोणी उरलं नव्हतं, आणि त्यामुळे कोणाचंही घर आपलंच समजायची तिला सवय होती. आली त्याच दिवशी तिने डबे हलवले, देवाची दिशा बदलली आणि मला ओटीवर झोपायला लावलं. तिच्यापुढे आमचे मामलेदारही गप्प बसले असते.

आधीच्या दोघांचा पाळणा मी दुसरी गेल्यावर देऊन टाकला होता. कोणाला दिला ते बायकोने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मूल जन्माला येण्याआधी नवा पाळणा घरात आणायचा नाही असं आत्याचं मत होतं. एरवी मी तिची टिंगल करायचो, पण या बाबतीत मीही गप्प राहिलो. मुलगी झाली त्याच दिवशी दुपारी मी सुताराकडे गेलो. तेव्हा पनवेलात बैलगाडीची चाकं करणारे सुतार पुष्कळ होते आणि पाळणा, पाट, देव्हारा हे सगळं त्यांच्याकडूनच करून घ्यायचं. त्याने पाच दिवसांत सागवानी पाळणा करून दिला. चाकं करणाऱ्या हाताने केलेला पाळणा तो, त्यात वासरू निजवलं असतं तरी कुरकुरला नसता. वरून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं पॉलिश केलं होतं. तळाची फळी सबंध एका तुकड्याची होती, आणि तिच्यात तोंड दिसत होतं.

"पॉलिश अजून कच्चं हाय," सुतार म्हणाला. "आठ-धा दिस पानी लागू देऊ नका."

मी हो म्हटलं आणि घरी कोणाला सांगितलं नाही. पाळण्याला कोण कशाला पाणी लावायला जाईल? मला आजही वाटतं की माझं काही फार चुकलं नाही. आत्यासारखी माणसं जगात असतात याचा विसर पडला, एवढंच.

पाळणा सहाव्या दिवशी संध्याकाळी घरी आला. बारसं बाराव्या दिवशी. म्हणजे मधले दिवस पाळणा रिकामा राहणार, आणि रिकामा पाळणा घरात ठेवणं आत्याला मंजूर नव्हतं. आता बारशाच्या दिवशी बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवतात, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पाचवीच्या पूजेचा पाटा-वरवंटा घासूनपुसून कोपऱ्यात होताच. आत्याने विचार केला, बारशाला ठेवायचाच आहे तर आजच का नको? तिने वरवंटा धुतला, ओल्या धडप्यात गुंडाळला आणि पाळण्यात निजवला. एवढ्यावर थांबली असती तरी भागलं असतं. पण बाळाच्या जागी ठेवला म्हणजे त्याचं सगळं बाळासारखं व्हायला हवं. रोज सकाळी ती त्याला उचलायची, ऊन पाणी घालायची, तेलाचा हात फिरवायची, नवा ओला धडपा गुंडाळायची आणि परत ठेवायची. आमच्या मुलीच्या आधी वरवंट्याची आंघोळ होत असे. मी तोवर कचेरीत गेलेला असायचो.

बायको आतल्या खोलीत होती. तिचं काय चाललं आहे ते मला न्हाऊमाखू घालायला येणाऱ्या बाईने सांगितलं. ही बाई सुकापूरची, शेताच्या बांधावरून चालत यायची आणि कमी बोलायची. नवव्या दिवशी ती माझ्यासमोर ओटीवर थांबली.

"भाऊ, बाय पोरीला खाली ठेवीत नाय," ती म्हणाली. "मी न्हाणते तवा पन तिचा हात पोरीच्या अंगावर हाय. रातची निजत नाय. बसून ऱ्हाते नुसती. मी लय बाळंतिणी बगितल्या. आशी आजून चार दिस ऱ्हायली तर दूध आटेल, आन मंग?"

 मी आत जाऊन पाहिलं. बायको भिंतीला टेकून बसली होती, मुलगी मांडीवर. तिचे डोळे लाल झाले होते. मी म्हटलं, जरा आडवी हो, आत्या बघेल मुलीकडे. ती म्हणाली, दुसरी गेली त्या रात्री तिला आत्यांच्याच शेजारी ठेवून मी झोपले होते. हे खरं होतं. आत्याचा त्यात काही दोष नव्हता, हेही तितकंच खरं होतं.

आत्याचं म्हणणं, एकदा बारसं होऊ दे, पोरीला पाळण्यात घातलं, नाव ठेवलं, की हिचा जीव थाऱ्यावर येईल. मला दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून मीही तेच धरून बसलो. बायकोनेही मान हलवली होती. बाराव्या दिवशी पाळण्यात ठेवीन, असं तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. आमची सगळी भिस्त त्या पाळण्यावर होती.

अकराव्या दिवशी शुद्धीची आंघोळ करून बायको मुलीला घेऊन बाहेरच्या खोलीत आली. सुट्टी होती, मी घरी होतो. आत्याने तिला दाखवायला म्हणून पाळण्यातला वरवंटा उचलला, धडपा काढला, आणि तळाच्या फळीवर पांढरा डाग दिसला. दूध सांडून वाळावं तसा पांढरा. हातभर लांब, एका टोकाला जरासा रुंद, मधे भरलेला, कडा धूसर. वरवंट्याचा म्हणून तो ओळखू येत नव्हता. तो कशाचा दिसत होता ते आम्हाला तिघांनाही एकदमच कळलं.

 बायको मुलीला छातीशी घेऊन पाळण्याकडे बघत राहिली.

"यात कोणीतरी निजून गेलंय," ती म्हणाली. "मी हिला इथे ठेवणार नाही."

मी तिला समजावलं. मी कारकून माणूस, कारणं क्रमाने मांडायची मला सवय. ओला दगड, कच्चं पॉलिश, दमट हवा. तिने सगळं ऐकून घेतलं. वरून गोधडी घालू, दिसणार नाही, असंही म्हटलं. "खाली काय आहे ते मला माहीत आहे ना," ती म्हणाली. शेजारचा पाळणा मागून आणू, असं आत्या म्हणाली.  ते ऐकून बायको आत गेली आणि पुन्हा भिंतीला टेकून बसली. आणि मला आत्याचा असा राग आला की वरवंटा उचलून खाडीत फेकून द्यावासा वाटला. आत्या मात्र एका कोपऱ्यात जाऊन डोळे पुसत होती, त्यामुळे रागावण्याचीही सोय राहिली नाही.

आधी आम्ही घरातल्या घरात उपाय केले. आत्या भांडी घासायची राख आणि काथ्या घेऊन आली. मी तिचा हात धरला. मग मी कोरड्या फडक्याने घासलं. काही झालं नाही. मग बोटभर खोबरेल तेल घेऊन डागावर फिरवलं, आणि डाग दिसेनासा झाला. खरोखर दिसेनासा झाला. फळी तेलकट चमकत होती आणि त्यात पांढरं म्हणून काही उरलं नव्हतं. मी धावत आत गेलो आणि बायकोला उठवून आणलं. गेला बघ, म्हणालो. ती पाळण्यावर वाकली, बराच वेळ बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. जेवण झाल्यावर ठेवते, म्हणाली.

जेवणं होईपर्यंत तेल मुरलं आणि डाग परत आला. आधीपेक्षा जास्त स्पष्ट दिसत होता, कारण आता भोवतालचं लाकूड तेलाने गडद झालं होतं. तिने तो माझ्या आधी पाहिला. त्यानंतर मी काही बोललो की ती माझ्याकडे न बघता मुलीकडे बघायची. माझ्या शब्दावरचा तिचा विश्वास उडाल्याचं मला कळलं, अशी संसारातली ती एकच दुपार. मला त्याचं फार वाईट वाटलं.

मी सुताराला गाठलं. तो म्हणाला, सगळं पॉलिश खरवडून लाकूड उघडं करायचं आणि नव्याने चढवायचं, आठ दिवस लागतील, आणि वास जाईपर्यंत तान्ह्या पोराला जवळ न्यायचं नाही. बारसं दुसऱ्या दिवशी होतं. बारशाचं एक वेळ सोडून द्या, पण आठ दिवस बायको तशी बसून राहिली असती तर काय झालं असतं, ते सुकापूरच्या बाईने मला सांगितलेलं होतं. माझं तोंड बघून सुताराने मशिदीच्या मागच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या पॉलिशवाल्याचा पत्ता दिला. मुंबईत फर्निचरच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि आता हात कापतात म्हणून घरी बसले होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे.

चाचा लगेच निघाले. एका पिशवीत स्पिरिटची बाटली, थोडा कापूस आणि धुऊन धुऊन जाळी झालेल्या मलमलीचे तुकडे, एवढंच त्यांचं सामान. आमच्या ओटीच्या पायरीशी ते थांबले. बारसं तोंडावर, घरात बाळंतीण, आत्याच्या कपाळावर आठी होती ती त्यांनाही दिसली असणार. "पाळणा इथे बाहेरच आणा, भाऊसाहेब," ते आपणहून म्हणाले. "उजेड पण बरा हाय." नंतर आत्याने त्यांना चहा दिला, कपबशी वेगळी होती. ते चाचांना माहीत होतं आणि मलाही. कोणी काही बोललं नाही, आणि मी बोललो नाही याचं आज मला बरं वाटत नाही.

त्यांनी फळीवरून बोट फिरवलं, वाकून वास घेतला.

"तेल कोणी लावलं?"

मी हात वर केल्यासारखं केलं.

"असू दे. पांढरा हाय ना डाग? मग फिकीर करू नका. काळा असता तर लाकूड पाणी प्यालं, मग खरवडल्याशिवाय इलाज नाय. पांढरा म्हणजे पाणी वरच्यावर पॉलिशमध्ये अडकलंय. तकलीफ पॉलिशला हाय, लाकडाला खबर पण नाय."

दाराआडून बायकोचा आवाज आला. ती परक्या माणसासमोर सहसा बोलत नसे.

"खाली काही नाही ना?"

चाचांनी दाराकडे पाहिलं नाही, पाळण्याकडे बघतच उत्तर दिलं. "खाली काय नाय, बेटी. खाली लाकूड जसं होतं तसं हाय."

मग त्यांनी तांदळाचं पीठ मागून घेतलं, फळीवर भुरभुरवलं आणि माझं तेल शोषून घेतलं. ते झाडून झाल्यावर कापसाचा लिंबाएवढा गोळा मलमलीत बांधून पुरचुंडी केली, तिच्यावर स्पिरिटचे चार-पाच थेंब टाकले आणि मुठीत दाबली. माझ्या मनगटाला लावून विचारलं, "गार लागलं? ओलं नाय ना लागलं? बस, एवढंच पाहिजे. ओलं लागलं तर पॉलिश उचलेल." डागाच्या बाहेरून यायचं, डागावरून सरकायचं आणि बाहेर निघून जायचं. कुठेही थांबायचं नाही, दाबायचं नाही. एकदा फिरवलं की वाळू द्यायचं आणि मग दुसऱ्यांदा. स्पिरिट उडून जाताना अडकलेलं पाणी सोबत घेऊन जातं, असं त्यांचं सांगणं होतं. "एका दमात जात नाय. धीर पाहिजे, आणि हात हलका."

हे सांगताना त्यांचा स्वतःचा हात पिशवीवर थरथरत होता. त्यांनी पुरचुंडी माझ्याकडे दिली.

मी फिरवली. दोनदा बरी फिरली. तिसऱ्यांदा मला वाटलं, जरासा जोर लावला तर लवकर होईल. कचेरीत शिक्के मारणारा हात तो, त्याला हलकं कसं माहीत असणार? पुरचुंडी चिकटली, कापडाचा तंतू पॉलिशमध्ये रुतला आणि वरच्या टोकाशी एक निस्तेज चट्टा पडला. चाचांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"अहो, ते तुमच्या हातचं नाही," बायको म्हणाली. ती आता दारात उभी होती. "इकडे द्या. मी करते."

ती पुढे आली आणि थांबली. दोन्ही हात मुलीत गुंतलेले होते. तिने आत्याकडे पाहिलं. आत्याचे हात कोपरापर्यंत लाडवांच्या पिठात होते. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मग पाळण्यातल्या डागाकडे.

"धरा हिला," ती म्हणाली.

अकरा दिवसांत मी मुलीला हातात घेतलं नव्हतं. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण पुरुषांनी तान्हं मूल घ्यावं अशी कोणाची अपेक्षाच नसते. कचेरीतून आलो की हात धुतलेले नाहीत म्हणायचं, धुतलेले असले की ती झोपली आहे म्हणायचं. आमच्यात लहान मुलांना जाळत नाहीत, पुरतात. पहिल्याला खाडीपलीकडे मी हातातून नेलं होतं, दुसरीलाही मीच. हातांना ते वजन बरोबर आठवत होतं. पाळण्यातल्या डागाला बायको घाबरली म्हणून मी तिला शहाणपण शिकवत होतो. माझी भीती कुठे डाग पडून दिसत नव्हती, म्हणून मी शहाणा.

तिने मुलगी माझ्या हातावर ठेवली, मान कशी धरायची ते दाखवलं आणि पाळण्याशी बसली. मी उभाच राहिलो. बसलो तर हलेल असं वाटलं. मुलगी गरम होती. हे लिहायला वेडगळ वाटतं, पण मला तेव्हा तेवढंच कळत होतं, की ती चांगलीच गरम आहे, आणि जडही.

बायकोचा हात कसा चालला ते मी नीट पाहिलं नाही. कानावर येत होतं तेवढं आठवतं. चाचा म्हणत, "हां, असंच." मग, "आता वाळू दे." मग पुन्हा कापड सरकल्याचा आवाज. मधे एकदा चाचांनी तिला सांगितलं, आता तुला वाटेल की गेला, पण तेलासारखा फसवा नाय ना ते बघ, बोट फिरवून बघ. तिने बोट फिरवलं असावं. मी चट्टा पाडला होता तिथे त्यांनी तिच्याकडून पुरचुंडी गोल गोल फिरवून घेतली आणि भोवतालचं पॉलिश त्याच्यावर आणलं. मुलीने जांभई दिली. तिची जांभई सबंध चेहऱ्यावरून फिरली आणि मग ती माझ्या सदऱ्याचं बटण धरून झोपली.

"बघा, भाऊसाहेब," चाचा म्हणाले.

"हो," मी म्हटलं. मी बघितलं नव्हतं. ज्या डागासाठी मी दुपारी गावभर हिंडलो तो कधी गेला ते मला कळलं नाही. आत्याने मात्र पिठाच्या हातांनीच येऊन तीनदा वाकून पाहिलं आणि देवाला हात जोडले.

बायकोने हात धुतले, पदराला पुसले. पाळण्यात गोधडी अंथरली, चारी कोपरे सारखे केले. मग माझ्यासमोर येऊन दोन्ही हात पुढे केले.

"द्या. ठेवते तिला."

चाचांनी स्पिरिटचे थेंब माझ्याच मनगटावर लावले होते, ते किती पटकन उडतं हे मला ठाऊक होतं. पाळणा कधीच वाळला होता.

"थांब जरा," मी म्हटलं. "अजून ओलं असेल."

बायको चाचांकडे वळली. चाचा बाटलीला बूच लावत होते. त्यांनी मान वर करून मला पाहिलं, माझ्या हातातल्या मुलीला पाहिलं.

"हां, बेटी," ते म्हणाले. "थोडा वेळ अजून वाळू दे."

ती उंबऱ्यावर बसली. हात मांडीवर रिकामे पडले होते, त्यांचं काय करावं ते तिला कळत नसावं. तिने चौकटीला डोकं टेकलं आणि बसल्या बसल्या झोपून गेली.